पानांतला दोरा

आमच्या घरात अण्णांचं नाव काढायची सोय नव्हती. नाव निघालं की आई उठून आत जायची, आणि आतून भांड्यांचा जो आवाज यायचा त्यावरनं आम्ही काय ते समजायचो. आता आईच नाही, त्यामुळं लिहायला कुणाची हरकत नाही. असती तरी लिहिलं असतं म्हणा. कारण मी आज जी काय आहे त्यातलं निम्मं त्या माणसामुळं झाले, आणि आमच्या घराचं जे वाटोळं झालं त्यातलंही निम्मं त्याच माणसामुळं झालं. दोन्ही कामं त्यानं एकाच पद्धतीनं केली, आणि कुणाचं वाईट व्हावं असं एकदाही मनात न आणता केली. म्हणून तर राग धड काढताही येत नाही.

अण्णा घरपोच वाचनालय चालवायचे. मी सांगतेय ते ब्याण्णव-त्र्याण्णव सालचं. कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमचं दोन खोल्यांचं घर. दर गुरुवारी अण्णांची काळी सायकल गल्लीत शिरायची, कॅरियरला पत्र्याची ट्रंक बांधलेली, हँडलला दोन कापडी पिशव्या. माणूस मूळचा मुरगूडचा, पन्नाशीचा, लग्न न केलेला. मे महिन्याच्या उन्हातसुद्धा अंगात काळा कोट असायचा, कारण कोटाला खिसे सहा होते आणि सगळे लागायचे. एका खिशात पेन्सिली, एकात भिंग, एकात पांढऱ्या दोऱ्याचं रीळ. त्या रिळाचं पुढं सांगते.

अण्णांच्या वाचनालयात पुस्तक निवडायची परवानगी कुणालाच नव्हती. नवीन वर्गणीदार हौसेनं ट्रंकेत हात घालायचा आणि अण्णा झाकण आदळायचे. "हात भायेर! पावणं, दवाखान्यात गेल्यावर गोळी तुमी निवडतासा व्हय?" माणूस वरमायचा. मग अण्णा त्याला आपादमस्तक न्याहाळून एक पुस्तक काढून द्यायचे, की हे न्या, पुढल्या गुरुवारी बघू. पुढल्या गुरुवारी खरोखरच बघायचे.

बघायची तऱ्हा अशी. प्रत्येक पुस्तकात दहा-बारा ठिकाणी, दोन पानांच्या अगदी सांदीत, दोऱ्याचा बोटभर तुकडा ठेवलेला असे. पान उघडलं की तुकडा पडायचा, नाहीतर सरकायचा. वाचणाऱ्याला वाटायचं शिलाईचा दोरा निघाला. पुस्तक परत आलं की अण्णा आमच्याच पायरीवर बसून भिंग लावून एकेक सांद तपासायचे, पानांचा वास घ्यायचे, बोटांचे डाग बघायचे. "हे बघ, इथं हळद. म्हंजे बाईनं स्वैपाक करता करता वाचलंय. आणि इथनं फुडं दोरा जाग्यावर. म्हंजे नायिकेचं लगीन झालं आणि बाईनं पुस्तक मिटलं." मग मोठ्या रजिस्टरात नोंद. प्रत्येक घराला एक पान. घरच्यांचं नाव, कुठं थांबले, काय दोनदा वाचलं, कशाला हातच लावला नाही.

"तोंडानं माणूस काय बी सांगतंय," ते म्हणायचे. "दोरा लबाडी करत न्हाय."

गल्लीच्या टोकाला कॉलेजातले एक सर राहायचे. त्यांनी कायम वैचारिक मागायचं, तेही जाडजूड, आणि मोठ्या आवाजात, चार घरांना ऐकू जाईल असं. अण्णा मुकाट्यानं जाड पुस्तक द्यायचे आणि त्याच्याखाली एक पातळशी प्रेमकादंबरी सरकवायचे. जाड पुस्तक दोऱ्यासकट परत यायचं, पातळाची पानं सुटायला आलेली असायची. अण्णांनी सरांना कधी उघडं पाडलं नाही. फक्त पिशवी हातात देताना अतिशय आदरानं विचारायचे, "सर, तत्त्वज्ञान आनखी देऊ का एवढं बास झालं?"

आम्ही हसून हसून बेजार व्हायचो. पण एक गोष्ट तेव्हाच खटकायला हवी होती. शेजारच्या घरात नवीन सून आली होती, जयसिंगपूरची, वर्षाच्या आत माहेराला पारखी झालेली. अण्णांनी तिला माहेरच्या आठवणींचं एक पुस्तक दिलं. तिनं ते दोनदा वाचलं. मग दुसरं तसलंच, मग तिसरं, मग चौथं. पोरगी दिवसभर रडायला लागली, दूध उतू जायचं, भाजी करपायची. सासू एका गुरुवारी लाटणं घेऊनच अण्णांच्या अंगावर आली. अण्णा सायकल ढकलत पळाले, आणि चौकात उभे राहून मला काय म्हणाले? "रडली म्हंजे वाचली की न्हाय? मग झालं तर!" मी मान डोलावली. मी आठवीत होते आणि अण्णा म्हणजे माझा देव होता.

का नसणार? माझ्या हातात त्यांनी आधी परीकथा दिल्या, त्या मी अर्ध्यावर टाकल्या. मग शूर मुलांच्या गोष्टी दिल्या, त्याही टाकल्या. मग कुठलंसं अंकगणिताच्या कोड्यांचं मळकट पुस्तक दिलं. ते परत घेताना अण्णांनी मागच्या कोऱ्या पानावरची माझी आकडेमोड बघितली आणि रजिस्टरात काहीतरी टिपलं. पुढच्या गुरुवारी त्याहून अवघड कोडी आली. त्याच्या पुढच्या गुरुवारी बीजगणित. शाळेतल्या बाईंना जे तीन वर्षांत दिसलं नाही ते ह्या माणसाला तीन आठवड्यांत दिसलं. मी इंजिनियर झाले ती तिथंच झाले, कॉलेज नंतर.

आता आबांचं.

आबा माझे वडील. उद्यमनगरात लेथवर टर्नर होते. मी नववीत असताना त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं मशीनमध्ये गेली आणि ते कायमचे घरी आले. हाताला काम नाही, गप्पा मारायचा स्वभाव नाही. सकाळपासून खुर्चीवर बसून भिंतीकडं बघत राहायचे. वर्तमानपत्राशिवाय माणसानं जन्मात काही वाचलेलं नव्हतं. शेवटी आईनंच अण्णांना पायरीवर गाठलं. "अण्णा, ह्यास्नी कायतरी द्या की वाचायला. डोस्कं गुतंल त्येंचं." हे आईनं स्वतः सांगितलं होतं, आणि तेच तिला पुढं जन्मभर सलत राहिलं.

अण्णांना तर चेवच आला. न वाचणारा वाचक! त्यांनी प्रवासवर्णन दिलं, शिकारकथा दिल्या, कुस्तीवरचं पुस्तक दिलं, संतचरित्र दिलं. सगळं दोऱ्यासकट परत. सातव्या का आठव्या गुरुवारी त्यांनी पोलिसी कथांचं एक मासिक ठेवलं, मुखपृष्ठावर सुरा आणि किंचाळणारी बाई असलेलं. ते मासिक आबांनी एका बैठकीत संपवलं. चहा शेजारी थंड होऊन गेला. पुढच्या गुरुवारी अण्णांनी सांदी तपासल्या, एकही दोरा शिल्लक नव्हता, आणि हा पन्नाशीचा माणूस पायरीवरनं उडी मारून उठला. "वैनी, वाचलं! आख्खं वाचलं की वो!" आईच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच आबांनी कशात तरी मन घातलं होतं.

इथं थांबले असते तर अण्णा अण्णा कसले? पुढं त्यांनी आणखी बारकाईनं बघितलं. चोरी-दरोड्याच्या गोष्टी आबा एकदाच वाचायचे. पण घरातल्या माणसानं घरातल्याच माणसाचा काटा काढल्याच्या गोष्टी, म्हणजे बायकोनं नवऱ्याला जेवणातून विष घातलं, भावानं जागेसाठी भावाला संपवलं, त्या दोन-दोन तीन-तीन वेळा. झालं. अण्णांनी आबांसाठी रद्दीची दुकानं पालथी घातली. रविवारी सायकल एसटीवर टाकून जयसिंगपूरला जायचे, जुन्या अंकांचे गठ्ठे आणायचे. त्यातल्या फक्त तसल्या गोष्टी ब्लेडनं कापून, एकत्र शिवून, पुठ्ठ्याची बांधणी करून त्यांनी आबांसाठी वेगळे ग्रंथ बनवले. एका वाचकासाठी! वर झोकदार अक्षरात आबांचं नाव. अशी चार बाडं तयार झाली. मला ती दाखवताना अण्णांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी अजून विसरले नाही. कारण त्यात कपट नव्हतं हो. लेकराला आवडतं म्हणून आईनं रोज तेच करून घालावं, तसं चाललं होतं.

दोन वर्षं आबांनी दुसरं काही वाचलं नाही. आधी कपाटाला कुलूप आलं. मग आई शेजारी बोलत उभी राहिली की आबा दारामागं उभे. माझे काका बिद्रीला कारखान्यात कामाला होते, दरवर्षी आमच्यासाठी काकवीचा डबा घेऊन यायचे. त्या वर्षी आबांनी काकवीला बोट लावलं, जिभेवर ठेवलं आणि काकांच्या तोंडावर म्हणाले, "कडू लागतीया. काय घातलंयस?" काकांना आधी थट्टा वाटली. मग आबांनी डबा उचलून मोरीत ओतला आणि म्हणाले, "घराची जागा पायजे न्हवं तुला? मी मेल्याबिगर गावायची न्हाय." काका चपला घालून निघून गेले. सख्खा भाऊ, पुन्हा आमच्या घरी आला नाही.

आणि मग एका दुपारी आबांनी आईनं वाढलेलं ताट सरकवलं. बाजारातनं स्वतः एक लहान स्टोव्ह आणला, खोलीच्या कोपऱ्यात मांडला, आणि तीन बोटांच्या हातानं तांदूळ धुऊन भात टाकला. आई पदराला हात पुसत बघत राहिली. "मी काय इख कालवतो व्हय जेवणात?" ती म्हणाली. आमच्याकडच्या बायका अशाच बोलतात, पुरुषासारखं. आबा म्हणाले, "सगळ्या अशाच म्हणत्यात." ते वाक्य कुठल्या गोष्टीतलं होतं ते मला माहीत होतं, कारण ते बाड मीही चोरून वाचलं होतं.

मी तडक अण्णांच्या खोलीवर गेले. चारी भिंतींना पुस्तकं, मध्ये एक सतरंजी, त्यावर अण्णा आबांचं पाचवं बाड शिवत बसलेले. मी काही बोलायच्या आधीच त्यांनी रजिस्टर उघडून दाखवलं. "हे बघ तुझ्या आबाचं पान. आख्ख्या कोल्हापुरात असा वाचक न्हाय माझा."

"अण्णा, आबा आईच्या हातचं खात नाहीत."

"आँ?"

"वेगळा स्टोव्ह मांडलाय. आई विष घालेल म्हणतात."

अण्णांच्या हातातली सुई तशीच राहिली. त्यांनी असा प्रश्न विचारला की मला त्यांना मारावंसं वाटलं. "पन मी तर उंबऱ्याच्या आत कधी आलोच न्हाय गं. मला कसं कळणार?" मी ओरडले. जे तोंडाला येईल ते बोलले. तुम्हाला पानं कळतात, माणसं कळत नाहीत, असं काहीतरी.

पुढच्या गुरुवारी अण्णा पहिल्यांदा आमच्या घरात आले. कोपऱ्यातला स्टोव्ह बघितला, झाकून ठेवलेलं आईचं ताट बघितलं. बाड आणलंच नव्हतं. आबांपुढं त्यांनी विनोदी गोष्टींचं एक पुस्तक ठेवलं आणि बळंच हसून म्हणाले, "आता जरा हे बघा की राव. लई हसाल." आबांनी पुस्तकाकडं बघितलंसुद्धा नाही. ते आईकडं बघत होते. "हिनं पढवलं न्हवं तुला?" ते अण्णांना म्हणाले. "मला समदं कळू लागलं, तवा बंद कर म्हणाली आसंल. तू बी तिच्यातलाच." अण्णांनी हात जोडले, शपथा घेतल्या. जितक्या शपथा घेतल्या तितकी आबांची खात्री पटत गेली. त्या दिवशी आमची वर्गणी बंद झाली. पण वाचन बंद झालं नाही. आबा एसटी स्टँडवर जाऊन तीच मासिकं स्वतः विकत आणायला लागले. चटक लावली अण्णांनी, पण सोडवायची कशी ते त्यांना ठाऊक नव्हतं. तशी नोंद रजिस्टरात नव्हतीच.

सात वर्षं आबा असे जगले. आई रोज दोन्ही वेळेला त्यांचं ताट वाढायची, झाकायची, आणि संध्याकाळी भरलेलं उचलायची. आम्ही म्हणायचो, कशाला वाढतेस? ती म्हणायची, "एकांदे दिशी खाल्लं तर?" शेवटी आबांना पोटाचं दुखणं झालं. डॉक्टरांनी पेज द्या, मऊ भात द्या म्हणून सांगितलं. आबा बंद पुड्यातली बिस्किटं तेवढी खायचे, तीही पुडा स्वतः फोडून. त्यातच गेले. तिसऱ्या दिवशी अण्णा रस्त्याच्या पलीकडं सायकल धरून उभे होते. आईनं खिडकीतनं बघितलं आणि दार लावून घेतलं.

त्यानंतर अण्णांनी धंद्याची रीतच उलटी केली. रीळ फेकून दिलं. आता ते दारात ट्रंक उघडी टाकायचे आणि म्हणायचे, "निवडा." लोक वैतागायचे. कुणाला निवडायची सवय राहिली होती? "अण्णा, तुमीच द्या की आपलं नेहमीचं!" अण्णा हटून बसायचे. "न्हाय. मी देणार न्हाय. तुमास्नी काय पायजे ते तुमी सांगा." हळूहळू लोकांनी टीव्हीच लावला. एक काळ दोनशे घरं होती, ती विसावर आली.

मी तोवर पुण्याला नोकरीला लागले होते. इंटरनेटवरच्या एका कंपनीत. तिथं आमच्या साहेबांनी पहिल्याच आठवड्यात काम समजावलं. लोक आमच्या साइटवर येतात, काय बघतात, कशावर किती वेळ थांबतात, कुठनं निघून जातात, ते सगळं नोंदवायचं, आणि ज्यावर थांबले त्यासारखंच आणखी त्यांच्यापुढं आपोआप ठेवायचं. प्रत्येकाला वेगळं. लाखो लोक, लाखो याद्या. साहेब फार उत्साहानं सांगत होते, फळ्यावर बाण काढत होते. मला त्या फळ्यावर अण्णांचं रजिस्टर दिसायला लागलं. तरी मी ते काम केलं, आणि चांगलं केलं. नोकरी सोडली असं इथं लिहायला आवडलं असतं. सोडली नाही.

एका दिवाळीला मी घरी आले तेव्हा कानावर आलं, की अण्णा सायकलवरनं पडले, पाय मोडलाय, खोलीवरच असतात, बघायला कुणी नाही. मी मुद्दाम आईसमोर ते बोलले. आई उठली नाही. भाजी निवडत बसली होती, तशीच बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं माझ्या हातात डबा दिला. ज्वारीच्या दोन भाकरी, वांग्याची भाजी, लसणाची चटणी, वाटीत दही. "दिऊन ये जा त्येला," म्हणाली. "म्हणावं, झालं गेलं. खाऊन घे." मला रडूच आलं. आबा जाऊन आठ वर्षं झाली होती.

अण्णा खूप वाळले होते. कोट खुंटीवर होता. मला बघून खूश झाले, नोकरीचं विचारलं. मी सांगितलं, सगळं, अगदी कसं नोंदवतो आणि कसं पुढं ठेवतो ते. ते भिंतीला टेकून लक्ष देऊन ऐकत होते.

"म्हंजे माणूस थांबला का न्हाय ते यंत्राला कळतंय."

"कळतं."

"आणि वाचून त्येच्या घरात काय झालं, ते?"

"नाही."

"मग तक्रार करायला माणूस जातोय कुणाकडं? तू माझ्याकडं आलतीस की."

मी म्हटलं, तशी काही सोय नाही. मी विषय बदलायचा म्हणून डबा पुढं केला, आईचा निरोप सांगितला. त्यांनी डब्याला दोन्ही हात जोडले. पण उघडला नाही.

"ह्यो घास ज्येचा हुता, त्येच्या तोंडातनं मी काढला," ते म्हणाले. "आता मी कुठल्या तोंडानं खाऊ? तसाच घेऊन जा, पोरी."

मी खूप समजावलं. ते ऐकेनात. आणि खरं सांगते, त्या वेळी मला ते फार मोठं वाटलं. केवढा पश्चात्ताप, केवढं मन, असलं काहीतरी मनात घेऊन मी रिक्षात बसले, डबा मांडीवर घेऊन. वाटेत कुठंही थांबून मी ते खाऊन टाकायला हवं होतं. एवढी शिकलेली मी, मला सुचलं नाही.

आई दारातच उभी होती. तिनं डबा हातात घेतला आणि वजनावरनंच तिला कळलं. तरी तिनं ओट्यावर ठेवून झाकण काढलं. भाकरीची घडी जशीच्या तशी होती.

"अगं आई, तसं नाही, ते म्हणाले की..."

ती माझं ऐकतच नव्हती. "त्येला बी वाटलं व्हय गं," ती म्हणाली, "मी कायतरी घातलं आसंल?"

मी नाही, नाही म्हणत राहिले. तिनं भाकरीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला, आणि माझ्याकडं बघत बघत खाऊन दाखवायला लागली.